बिलाच्या क्लासमधून 'न्यू' बाहेर काढताना

कर्नाटकातल्या निपाणीच्या एका पाइप-फिटिंगच्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं. मालकांची मागणी साधी होती: "बिल कन्नडमधून पण निघालं पाहिजे की." काम छपाईचं, पण हात घालावा लागला करात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला 'बिल' हा क्लास, म्हणजे ज्यातून ऑब्जेक्ट बनतात तो कोडचा साचा, सगळं स्वतःच करायचा. डेटाबेसचं कनेक्शन आतच 'न्यू' करून, म्हणजे नवा ऑब्जेक्ट बनवून, उघडायचा, प्रिंटर आतच तयार करायचा, एसएमएसही आतूनच पाठवायचा. नुसता कर तपासायचा तरी प्रिंटर चालू लागे.

सीमेवरच्या दुकानात कर हाच नाजूक भाग. माल राज्यातच चिक्कोडीला गेला तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी, पलीकडे महाराष्ट्रात कागलला गेला तर आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी. म्हणून काहीही हलवण्याआधी दोन्हीकडची जुनी बिलं घेऊन त्यांचे आकडे टेस्टमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या कोडमध्ये, पक्के केले. सुरुवातीला त्यासाठी डेटाबेसची प्रत आणि कागदाऐवजी पीडीएफ काढणारा प्रिंटर वापरला. वेळ गेला, पण ही पायरी कुणीही गाळू नये, असं मी कळकळीनं सांगेन.

मग 'छपाई' हा इंटरफेस केला, म्हणजे काय करायचं एवढंच सांगणारा, कसं ते न सांगणारा करार. त्याखाली मराठी आणि कन्नड असे दोन क्लास. बिलाला हवा तो कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनतानाच बाहेरून, मिळतो. कोणता द्यायचा ते काउंटरच्या स्क्रीनवर ठरतं, बिलाला त्याचा पत्ताही नसतो. एसएमएसचंही तसंच केलं.

खरी गाठ करात होती. बिल आधी गिऱ्हाईकाकडून पत्ता घ्यायचं, पत्त्यातून राज्य, राज्यातून कोड. पत्त्याची रचना बदलली की कर बिघडणार. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात 1987 साली मांडलेला 'लॉ ऑफ डिमीटर' हेच टाळायला सांगतो: ऑब्जेक्टनं फक्त जवळच्यांशी बोलावं. आता बिल गिऱ्हाईकालाच राज्याचा कोड विचारतं. नोंदणी असेल तर जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक, कर्नाटकाचे 29, महाराष्ट्राचे 27. नसेल तर पत्त्यावरून. तो कुठून काढला, हे बिलानं जाणायचं कारण नाही. कराच्या टेस्टला आता प्रिंटरही लागत नाही आणि डेटाबेसही.

मात्र दिसेल त्या क्लासला इंटरफेस लावण्याच्या मी ठाम विरोधात आहे. रक्कम अक्षरात लिहिण्याची जबाबदारी भाषेची, म्हणून ती छपाईकडे गेली. पण बेरीज आणि राउंड-ऑफ करणारा क्लास एकच आहे, एकच राहणार. तो तसाच ठेवला.

सेटिंग्जचा ग्लोबल, म्हणजे कोडमध्ये कुठूनही हाताशी येणारा, ऑब्जेक्ट अजून काढायचा आहे. कराचे दर त्यातून बाहेर आले. दुकानाचं नाव आणि बिलाचा पुढचा क्रमांक अजून तिथूनच येतात. यापुढं तेच काम हातात घेणार आहे, आधी बिल क्रमांक.