पायांवरचे डाग आणि लिंबाची फोड

मे महिन्यात रत्नागिरीला माहेरी गेले आणि डासांनी पाय फोडून काढले. खाजवून खाजवून नडग्यांवर पंधरा-वीस काळे डाग घेऊन पुण्याला परतले. मावशी म्हणाली, "अगं, लिंबाची फोड चोळ." चोळली, आणि तशीच गच्चीवर भर उन्हात कुरडया घालायला बसले. दोन दिवसांनी नुसती आग, फोड, आणि मग आधीपेक्षा गडद पट्टे! लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात भाजते, हे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडून तेव्हा कळलं.

खाजवलं, वॅक्सिंगनंतर पुटकुळी आली, की त्वचा जादा मेलॅनिन, म्हणजे कातडीला काळा रंग देणारं द्रव्य, बनवते. आपल्या सावळ्या कातडीवर ते जास्त दिवस टिकतं, पायांवर तर महिनोन् महिने. मला त्यांनी आंघोळीनंतर ओलसर पायांना 10 टक्के युरियाचं क्रीम आणि बाहेर पडताना एसपीएफ 30 सनस्क्रीन लावायला सांगितलं. स्टिरॉइड मिसळलेली गोरं करणारी क्रीमं मात्र मनाने आणू नका गं, त्वचा पातळ होते.

चार महिने झालेत. बरेच डाग फिकटलेत. उजव्या गुडघ्याखालचा मोठा अजून आहे. नखं मात्र दर रविवारी कापते.