तुम्ही विचारलंत म्हणून: "मॅडम, किती टक्के चान्स आहे?"

आयसीयूच्या दाराबाहेर हा प्रश्न मला सतत विचारला जातो. आत गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली बाई असेल तर मी टक्का सांगत नाही. नातेवाइकांना वाटतं, मॅडम टाळताहेत. तसं नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

टक्का काढायची सोय आमच्याकडे आहे. 'अपाची-२' हे कोष्टक १९८५ सालचं. पहिल्या चोवीस तासांतले सगळ्यात वाईट आकडे त्यात भरायचे, गुणांची बेरीज करायची, की मृत्यूची शक्यता हातात येते. ते बेतलं अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांतल्या सर्वसाधारण आयसीयू पेशंटवर. गरोदरपणात नाडी मुळातच जलद असते, रक्त पातळ होतं, पांढऱ्या पेशी वाढतात. कोष्टक हे सगळं आजारात धरतं. किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या क्रिएटिनिन या रक्ततपासणीची गंमत नव्हे, काळजीच वाटावी अशी गोष्ट आहे. गरोदर बाईचं क्रिएटिनिन ०.५ असणं एकदम नॉर्मल, पण त्याला अपाची दोन गुण लावते. ते १.३ आलं की किडनीच्या काळजीने मी सिस्टरना तासातासाची लघवी मोजायला सांगते. कोष्टकात त्याला शून्य. एकूणात अशी कोष्टकं बाळंतिणींचे मृत्यू प्रत्यक्षापेक्षा जास्त वर्तवतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. बाई तरुण असते, आणि पुष्कळदा आजाराचं मूळ प्रसूतीबरोबरच सुटतं.

सुटतं, पण लगेच नाही. बीपी वाढून लिव्हरवर आलेलं, प्लेटलेट उतरलेल्या, म्हणून तातडीने सिझर केलं; दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघावा तर प्लेटलेट आणखी खाली. या आजाराला हेल्प सिंड्रोम म्हणतात; त्यात बाळंतपणानंतरचे एक-दोन दिवस असेच जातात, मग आकडे वर यायला लागतात. नेमक्या त्याच दिवशी घरचे म्हणतात, "आता काही उरलं नाही, आमच्या जबाबदारीवर घरी नेतो." त्या वेळी मी 'तीस टक्के' म्हटलं असतं तर तिला नेलीच असती. टक्का ऐकला की पैशाचा हिशेब सुरू होतो, शेत गहाण टाकायचं की नाही इथपर्यंत. त्यांना मी दोष देत नाही. पण चुकीच्या कोष्टकातला आकडा त्या हिशेबात मी घालणार नाही.

गरोदर बायांसाठीच केलेली गणितंही आहेत. २०११ सालचं 'फुलपायर्स' मला आवडतं: किती आठवडे झाले, छातीत दुखतंय किंवा धाप लागतेय का, ऑक्सिजन, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि लिव्हरचं एक एन्झाइम. यावरून पुढच्या ४८ तासांतल्या गंभीर गुंतागुंतीचा अंदाज येतो. ते फक्त प्रीएक्लॅम्प्सियासाठी, म्हणजे गरोदरपणातल्या बीपीच्या आजारासाठी आहे, आणि जगेल की नाही हे ते वेगळं सांगत नाही.

मी स्वतः आधी पहिल्या दवाखान्याने दिलेली रेफरची चिठ्ठी वाचते. डोकं कधीपासून दुखत होतं, फिट किती वाजता आली, निघण्याआधी दोन्ही कुल्ल्यांत फिट आवरणारी मॅग्नेशियमची इंजेक्शनं दिली होती का, अँब्युलन्स किती वेळाने मिळाली. अपाचीत यातल्या एकालाही जागा नाही, आणि माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.

तेव्हा मला टक्का विचारू नका. लघवी कालच्यापेक्षा वाढली का, बीपीचं औषध कमी केलं का, व्हेंटिलेटरचा ऑक्सिजन किती टक्क्यांवर आणला, हे विचारा. सकाळी आणि संध्याकाळी विचारा, मी दोन्ही वेळा सांगेन. आणि घरून कोणी येणार असेल तर तिचं माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातलं बीपी त्यावर लिहिलेलं असतं, आणि आजचा आकडा मला तिच्याच त्या आकड्याशी ताडून बघायचा असतो.