सॉकेट चालू झालं आणि बॅटरी उतरायला लागली

सेकंड हँड गाडी घेताना लोक इंजिन बघतात, टायर बघतात, खाली वाकून गंज बघतात, पण डॅशबोर्डवरच्या त्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये चार्जर खुपसून बघणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. आमची गाडी म्हणजे साधी पेट्रोल हॅचबॅक, पुण्यातल्याच एका डीलरकडून घेतलेली, एसी गार, क्लच हलका, सगळं छान, फक्त सॉकेट मेलेलं. डीलरचा पोरगा म्हणाला, "फ्यूज असेल साहेब, किरकोळ काम आहे." आता मोबाईल चार्ज होत नाही म्हणून कोणी गाडी नाकारत नाही, मग घेतली.

घरी आल्यावर स्टिअरिंगखालच्या फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं, आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो त्यावरून सॉकेटची जागा शोधली, तर तिथे फ्यूज उडालेला नव्हता, तिथे फ्यूज नव्हताच. खाच रिकामी. बाकी सगळे जागच्या जागी आणि नेमका हाच गायब, हे तेव्हाच थोडं खटकलं.

नवीन फ्यूज घालायच्या आधी एक करा, सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. मधली पिन प्लस असते आणि बाजूची भिंत मायनस, त्यामुळे एखादं नाणं, चॉकलेटची चांदी किंवा चार्जरचं तुटलेलं टोक आत पडलं असेल तर फ्यूज घातल्या घातल्या उडतो. माझ्यात फक्त धूळ होती. नकाशावर १५ अँपिअर लिहिलं होतं, म्हणजे निळा फ्यूज. पिवळा २०चा, हिरवा ३०चा. दुकानदार कधीकधी "पिवळा टाका की, परत उडणार नाही" म्हणतात, ते अजिबात ऐकू नका, कारण मग फ्यूज वाचतो आणि त्याऐवजी वायर तापते. निळा बसवला, चार्जर लावला, चालू! या गाडीत चावी काढली तरी सॉकेट चालूच राहतं, काही गाड्यांत असतं तसं, त्यामुळे त्यावर मी विचार केला नाही.

आणि मग बॅटरी उतरायला लागली. शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट कट कट कट, मीटरमधले दिवे मंद, आणि सोसायटीत जंपर केबल कोणाकडे आहे याची शोधाशोध. बॅटरीवाल्याने मीटर लावला आणि लगेच निकाल दिला, "बॅटरी गेली, नवीन टाका." आता ही बॅटरी डीलरने नुकतीच टाकली होती, वॉरंटी कार्डावर तारीख होती, त्यामुळे मला ते पटेना.

मग तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारातून, एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणला. आधी बॅटरी बाहेर काढून चार्जरवर हळूहळू फुल्ल चार्ज केली, काही तास तशीच ठेवली आणि मोजली, १२.६ व्होल्ट. म्हणजे ठणठणीत. १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२च्या खाली गेली की रिकामीच समजा. गाडी चालू करून टर्मिनलवर मोजलं तर १४.१, म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग देतोय, १३.८ ते १४.४ च्या आसपास असलं की ठीक. सेल्फ मारताना घरच्यांना मीटर बघायला सांगितलं, १०च्या खाली गेलं नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी होती ती खायचा सोडा आणि गरम पाण्याने साफ केली (काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, नाहीतर पाना बॉडीला लागला की ठिणगी). तरी दोन दिवस उभी राहिल्यावर परत बसली. म्हणजे बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, मग कोणीतरी गुपचूप करंट खातंय. आमच्या भागातले गाडीचे वायरमन याला लीकेज म्हणतात.

ते मोजायचं कसं तर मायनसची केबल सोडायची, मल्टीमीटर १० अँपिअरवर, लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, आणि मीटर जोडायचा ती सोडलेली केबल आणि बॅटरीचं मायनस यांच्या मध्ये. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद करा म्हणजे आतला दिवा विझेल, आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत. झोपल्यावर २०-५० मिलिअँपिअर चालतं, घड्याळ आणि अलार्मला लागतंच. माझा आकडा ०.६ अँपिअरच्या आसपास अडकून बसला. हिशोब करा, दिवसाला १४-१५ अँपिअर-अवर, आणि बॅटरी ३५ची. सोमवार सकाळचं कोडं तिथेच सुटलं.

मग एकेक फ्यूज काढत गेलो, स्टिरिओ नाही, आतला दिवा नाही, सेंट्रल लॉक नाही, आणि सॉकेटचा निळा फ्यूज काढला की आकडा धाडकन ०.०३. पण सॉकेटमध्ये तर काहीच लावलेलं नव्हतं!

इथे मी ओळखीच्या वायरमन काकांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडून बॅटरीच्या प्लसकडे बोट दाखवलं, "ही जाड लाल वायर कंपनीची नाही." ती वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आत, कार्पेटखालून, ड्रायव्हर सीटच्या खाली. तिथे एक अँप्लिफायर, म्हणजे स्पीकरचा आवाज वाढवणारा डबा, थोडक्यात अँप. सबवूफर (मोठा बासचा स्पीकर) आधीच्या मालकाने काढून नेला असणार, अँप तसाच राहिला, स्पीकरची वायर टेप लावून गुंडाळलेली. रात्रभर उभ्या गाडीत तो हाताला कोमट लागत होता. अँप चालू-बंद करणारी जी बारीक रिमोट वायर असते ती खरं म्हणजे स्टिरिओमधून यायला पाहिजे, पण बसवणाऱ्याने ती सॉकेटच्या वायरीला जोडली होती, आणि सॉकेट कायम चालू, म्हणजे अँपही कायम चालू. आवाज नाही, दिवा नाही, कळणार कसं? काका म्हणाले, "अहो, म्हणून तर तो फ्यूज काढला होता कोणीतरी, बॅटरी वाचवायला." आधीच्या मालकाने की डीलरने, देव जाणे, पण ज्याने काढला त्याला हे माहीत होतं आणि विकताना कोणी बोललं नाही, याचा मला राग अजून आहे.

अँप काढला, लाल वायर बॅटरीपासूनच सोडवून पूर्ण बाहेर ओढली, नुसतं टोक टेप करून ठेवू दिलं नाही, कारण बॅटरीच्या इतकी जवळ फ्यूज नसलेली वायर बॉडीवर घासली की आग लागते. सॉकेटच्या वायरीवरचा जोड कापून हीट श्रिंक (तापवलं की आवळून बसणारी नळी) लावला. काकांनी मजुरी इतकी कमी घेतली की चहा मी पाजला.

बॅटरी एवढ्या वेळा पूर्ण रिकामी झाल्यामुळे तिचं आयुष्य थोडं घटलंच असणार, लेड-ॲसिडला तसं उतरणं सोसत नाही, प्लेटांवर सल्फेट बसतं. सध्या आठवडाभर उभी राहिली तरी एका सेल्फमध्ये उठते. टायरचा पंप सॉकेटवर चालतो, पण १५ अँपिअर म्हणजे कागदावर १८० वॉट असले तरी सॉकेटवर १२० वॉट छापलंय, तेवढंच धरतो. अँप अजून माळ्यावर आहे, मेव्हण्याला पाहिजे म्हणतो, त्याला सांगितलंय की देतो, पण रिमोट वायर कुठे जोडणार ते आधी मला दाखव.