‘क्लच ध्रूजे छे’ (क्लच थरथरतोय): नवी किट बसवूनही थरथर का राहिली

गाडी टू-सीटर, ताकद मागच्या चाकांना, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स, फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते) साधं एकसंध. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग अशी पूर्ण किट ३,००० किलोमीटरपूर्वीच नवी बसलेली. तरी बडोद्यातल्या अकोटा-दांडिया बाजार पुलाच्या चढावर, संध्याकाळच्या गर्दीत, पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलली की सीटपासून स्टिअरिंगपर्यंत धडधड. तीन गॅरेजांचं मत एकच: ‘प्लेट बदली नाखो’, प्लेट बदलून टाका.

दुसरं मत पुराचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून बडोद्यात गाडीच्या कुठल्याही दुखण्याचं खापर पुरावर फुटतं. दमट हवेत गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहिली की फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर येतो आणि क्लच थरथरतो, हे खरंच. पण ती थरथर सकाळची असते. दहा-पंधरा वेळा गाडी उचलली की थर घासून जातो. इथे उलटं होतं. सकाळी क्लच लोण्यासारखा, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये गेला की धडधड सुरू. पुढचं सगळं निदान या एका उलटेपणावर उभं राहिलं.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी बाहेरून जेवढं बघता येतं तेवढं बघून घेतलं. क्लच पूर्ण दाबून इंजिन आयडलवर: थरथर नाही. क्लच पूर्ण सोडून तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४०: नाही. फक्त हाफ क्लचवर. म्हणजे टायर आणि (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या) प्रॉपेलर शाफ्टचं बॅलन्सिंग बाद. स्कॅनरवर मिसफायर शून्य, आयडल ८०० वर स्थिर, म्हणजे इंजिनही सुटलं.

मग फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार. बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडसर लावलेला, आत एक जण बसून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा पकडायला लावतो, मग रिव्हर्समध्ये. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीपुढे नाही. इंजिन थोडं हलणारच. इथे उजवी बाजू इंचभर उचलली जाऊन दणकन खाली बसत होती. रबर लोखंडापासून सुटलेलं. दोन्ही फाउंडेशन जोडीने बदलली आणि थरथर अंदाजे तिसऱ्या हिश्शाने कमी झाली. ढिलं फाउंडेशन बहुतेक वेळा थरथर निर्माण करत नाही, असलेली मोठी करून दाखवतं. केबलच्या क्लचमध्ये मात्र ते स्वतःच गुन्हेगार असू शकतं, कारण इंजिन डोललं की केबल ओढली जाते आणि क्लच आपोआप पकड-सोड करतो. प्रॉपेलर शाफ्टच्या रबर कपलिंगला चिरा नव्हत्या. डिफरन्शियलचे रबरी बुश थकलेले, पण शाबूत.

बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या आवरणाच्या) खालच्या भोकात बोट घालून बघितलं, कोरडं. तिथे ओल लागली तर काय गळतंय हे ओळखणं सोपं असतं. गंधकाचा उग्र वास आला तर गिअर ऑइल. बाकीचं वाटीभर पाण्यात थेंबभर टाकायचं: तरंगलं तर इंजिन ऑइल, विरघळून गेलं तर क्लचचं डॉट ४ फ्लुइड, म्हणजे क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर गळतोय.

खरा धागा मिळाला तो ठोक्यांच्या लयीत. पावागढचा माचीपर्यंतचा घाट चढून क्लच तापवला, मग सपाट मोकळ्या रस्त्यावर इंजिन १,५०० आरपीएमवर धरून क्लच अगदी सावकाश सोडला. मोबाइल डॅशबोर्डवर, रेकॉर्डिंग चालू. सुरुवातीला ठोके दाट, गाडी वेग घेत गेली तसे विरळ. प्लेटला तेल लागलं असेल किंवा लायनिंग बिघडलं असेल, तर ठोक्यांचा वेग साधारण एकच राहतो, कारण तो ड्राइव्हलाइनचा स्वतःचा असतो. ठोके विरळ होत गेले तर कुठेतरी पृष्ठभाग वाकडा आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या फिरण्याच्या वेगातला फरक जसा मिटतो, तसा तो उंचवटा प्लेटला कमी वेळा भेटतो.

आता बॉक्स उतरवायला कारण होतं. शाफ्टच्या फ्लँजवर पंचाने खूण, खाली गिअरबॉक्सचा जॅक. बॉक्स इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवायचा नाही. चाळीसेक किलोचं ओझं प्लेटच्या हबवर आलं की हब वाकतो आणि नवी थरथर आपणच तयार करतो.

फ्लायव्हीलवर सात निळे-काळे डाग होते. मॅग्नेटच्या बेसवर डायल गेज लावून, दर वेळी क्रँक एकाच बाजूला दाबून धरत, रनआउट, म्हणजे फिरताना पृष्ठभाग जेवढा पुढे-मागे होतो तो, ०.१८ मिलीमीटर भरला. या इंजिनाची मर्यादा ०.१०. शिवाय ब्लॉकवरच्या दोन डॉवेल पिनांपैकी एक गायब. बोल्टच्या भोकात मोकळीक असते, बॉक्स नेमका मध्यावर बसवते ती डॉवेल. ती नसेल तर क्रँक आणि इनपुट शाफ्ट एका रेषेत येत नाहीत. आधीच्या कामात कुणीतरी ती हरवली आणि फ्लायव्हीलवर नुसता एमरी पेपर फिरवला.

डाग जुन्या जळलेल्या प्लेटचे. तिथलं बीड (ओतीव लोखंड) तापून काचेसारखं कडक झालेलं असतं. तापलं की तेवढाच भाग आधी फुगतो, घर्षण तिथेच एकवटतं, तो आणखी तापतो. सकाळी लोणी आणि संध्याकाळी धडधड, ती यामुळे. अशा फ्लायव्हीलला लेथवर नेऊ नये, हत्यार कडक डागावरून उडी मारतं आणि उंचवटा तसाच राहतो. ग्राइंडिंगच हवं. मकरपुरा जीआयडीसीत ०.३५ मिलीमीटर घासून घेतलं, डाग गेले. सेटिंग क्रँकवर बसणाऱ्या तोंडावरून करायला सांगावं, रिंग गिअरच्या बाजूने नाही. फ्लायव्हीलला पायरी असेल तर तितकंच पायरीवरूनही काढावं लागतं. ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील असेल तर घासण्याच्या फंदात पडू नये.

प्रेशर प्लेटवरही निळसर डाग उमटले होते, त्यामुळे किट पुन्हा घ्यावीच लागली. ‘प्लेट बदली नाखो’ अर्धं खरं निघालं म्हणायचं.

जोडताना इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला (खाचांना) ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, प्लेट पुढे-मागे सरकवून उरलेलं पुसून टाकलं. जास्त झालं तर फिरताना उडून लायनिंगवर जातं. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा आटा फिरवत, शेवटी टॉर्क रेंचने २५ न्यूटन मीटर. इम्पॅक्ट गनने एकेक थेट आवळला की कव्हर वाकतं आणि सगळी मेहनत पाण्यात. दोन्ही डॉवेल जागेवर. फ्लायव्हील बसवल्यावर रनआउट ०.०३.

पहिले ५०० किलोमीटर नुसतं शहरात, चढावर हाफ क्लचवर न तिष्ठता. मग तोच पूल, तीच वेळ, एसी चालू. सीट हलली नाही. बेसमेंटचा रॅम्प रिव्हर्समध्ये चढताना मात्र एखादा हलका ठोका अजून येतो. डिफरन्शियलचे बुश मागवले आहेत.