नागनिकेचा चेहरा शोधताना

नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज वर ब्राह्मीत नावं आहेत, खाली पावलांच्या खुणा. मधलं माणूस गायब. त्यातली नागनिका राणी मला एका दिवाळी अंकासाठी काढायची होती. म्हणजे पावलांवरून बाई उभी करायची.

आधी अर्थातच पिंटरेस्ट उघडलं. 'सातवाहन राणी' टाकल्याबरोबर चेहरेच चेहरे! सगळ्या गोऱ्यापान, नऊवारीत, नाकात टपोरी नथ. त्या काळच्या शिल्पांत नाकातला दागिना दिसत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी माझ्या पहिल्या दोन स्केचांत नथ आलीच. दिवसभर जे बघाल ते हातातून उतरतं. वर साठेक चित्रं सेव्ह केली होती, ती कुठली, कुणाची, काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळा फोल्डर उडवला.

मग राणीचं नावच सोडलं आणि ठिकाणांची नावं टाकायला लागले. विकिमीडिया कॉमन्सवर कार्ल्याच्या चैत्यगृहातली दगडी जोडपी मिळाली. कार्ले तिच्या नंतरचं, पण झूम केलं की कमरेची मेखला, कानातली जड कर्णभूषणं, पुरुषांच्या पागोट्याची गाठ, सगळं सुटं सुटं दिसतं.

खरं घबाड मात्र इटलीत निघालं. पॉम्पेईच्या राखेत १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती बाई, आता नेपल्सच्या संग्रहालयात असते. उंची जेमतेम वीतभर. पॉम्पेई गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इ.स. ७९ चा, तेव्हा ती त्याआधीचीच. आपल्या मराठवाड्यातल्या तेरला सापडलेली हस्तिदंती मूर्तीही याच धाटणीची, त्यामुळे मला ती परकी वाटेना. हातात कोपराकडे चढत गेलेल्या बांगड्या, पायांत वाळ्यांची चळत. आणि तिचा पाठमोरा फोटोसुद्धा आहे! पाठ सहसा कुणी दाखवत नाही. इथे पाठीवर रुळणारी लांब वेणी दिसते. अंगावर कपडा जवळजवळ नाहीच. अंक घरोघरी जायचा, म्हणून उत्तरीय मी पदरचं दिलं.

चेहऱ्याचा प्रश्न उरलाच होता. शेवटी राणी पाठमोरीच काढली, गालाची कड आणि नाकाचा शेंडा तेवढा दिसेल अशी. आईला दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "छान झालंय गं. नथ राहिली का?"