बिंदू चौकाचा ट्रॅक अखेर जुळला

जुळला, मंडळी! बिंदू चौक ते भाऊसिंगजी रोड अशी चालत चालत रेकॉर्ड केलेली सरांची मुलाखत काल रात्री सुरुवातीच्या टाळीपासून शेवटच्या टाळीपर्यंत सलग ऐकली (नंतर ट्रॅक जुळवता यावेत म्हणून दोन्ही टोकांना टाळी वाजवतो). सरांच्या आणि माझ्या माइकचे दोन्ही ट्रॅक एकावर एक चपखल बसलेत. प्रतिध्वनी नाही, हौदातून बोलल्यासारखा आवाज नाही. ट्रॅक जुळत नाहीत म्हणून ही फाईल बाजूला ठेवावी लागेल असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. आता लेखकांशी गप्पांची मालिका हिच्यापासूनच सुरू होणार.

एवढा जीव का टाकला, तेही सांगतो. सर करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या इतिहासावर लिहितात. त्यांच्या घरी बसून केलेलं आधीचं रेकॉर्डिंग आवाजाच्या दृष्टीनं उत्तम होतं, पंख्याचं घुमणंसुद्धा नव्हतं. पण घरात सर व्याख्यान देतात. २६ जुलै १९०२ चा, मागासवर्गीयांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखणारा हुकूम, तो निघाला तेव्हा शाहू महाराज इंग्लंडमध्ये होते, मग १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, मग १९२० ची माणगाव परिषद. सगळं बरोबर, सगळं क्रमानं, आणि सगळं त्यांच्या पुस्तकात आधीच छापलेलं.

चौकात उभं केल्यावर मात्र तेच सर वेगळे बोलायला लागले. फुले आणि आंबेडकरांच्या पुतळ्यांकडे बघत म्हणाले, हे ९ डिसेंबर १९५० ला बसले, बाबासाहेब हयात असताना. समाजसुधारक माधवराव बागलांनी पुढाकार घेतला. मग शिवाजी चौकावरून भाऊसिंगजी रोडला लागलो आणि शाहू महाराजांच्या काळातल्या गंगाराम कांबळे या दलित गृहस्थांच्या हॉटेलाचा विषय निघाला. गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे: पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण, महाराजांनी दिलेलं भांडवल, ‘सत्यसुधारक’ हॉटेल, आणि तिथं थांबून महाराजांनी स्वतः घेतलेला चहा. सरांनी ती दुसऱ्या टोकानं धरली. महाराजांचा मोठेपणा सगळे सांगतात, पण रोज सकाळी शेगडी पेटवून, गिऱ्हाईक येईल का नाही हे माहीत नसताना तिथं उभं राहणाऱ्या माणसाचं धाडस कोण मोजतं, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, महाराजांच्या बरोबर नसलेला, आपणहून आलेला पहिला माणूस कोण असेल? सर गप्प झाले. बराच वेळ फक्त रस्ता ऐकू येतो, आणि मग ते हळूहळू बोलायला लागतात. माझ्याकडच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये ही जागा मला सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी तिच्याच आसपास फाईल बिघडलेली होती.

तर ड्रिफ्ट, म्हणजे दोन रेकॉर्डिंग हळूहळू एकमेकांपासून सरकत जाणं. दोन लॅपल माइक (कपड्याला अडकवायचे), दोन रेकॉर्डर, एक माझ्या खिशात आणि एक सरांच्या. दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी कधीच चालत नाहीत, त्यामुळे तासाभराच्या फाईलमध्ये थोडा फरक पडणारच. माझ्या माइकमध्ये सरांचा आवाज झिरपतो आणि सरांच्या माइकमध्ये माझा, म्हणून फरक वाढला की तेच वाक्य दोनदा ऐकू येतं. शेवटच्या टाळीला, सत्तराव्या मिनिटाला, फरक होता २६६ मिलिसेकंद. नेहमीचा उपाय म्हणजे सरांचा ट्रॅक तेवढा ताणायचा. ताणला. दोन्ही टोकं जुळली, मधला भाग मात्र आणखी बिघडला.

सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने नोंदले जातात त्याचा घोळ आहे का, असं मागच्या नोंदीनंतर दोघा-तिघांनी विचारलं होतं. नाही. ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झची गल्लत असती तर फरक मिनिटाला पाच सेकंदांच्या वर गेला असता आणि आवाजाची पट्टीही बदलली असती. दोन्ही फाईली ४८ किलोहर्ट्झच्याच आहेत.

उलगडा कानानं झाला. हेडफोन लावून ती ताणलेली फाईल नीट ऐकली तर चाळिसाव्या मिनिटाआधी सरांचा ट्रॅक मागे रेंगाळतो आणि त्यानंतर अचानक पुढे पळतो. सरळ रेषेत वाढणारा ड्रिफ्ट असा बाजू बदलत नाही. म्हणजे मध्ये कुठंतरी उडी आहे.

पण उडी शोधायची कशी? टाळ्या फक्त दोन, दोन्ही टोकांना. इथं कामाला आला तो रस्ता, ज्याला मी आजवर शत्रू समजत होतो. रिक्षाचा हॉर्न, सायकलची घंटी, कुणीतरी खाली पाडलेलं शटर! यातल्या प्रत्येक आवाजाला वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, उभी, टोकदार सुरुवात असते आणि तो दोन्ही माइकमध्ये जातो. आमच्या दोघांत जेमतेम एक मीटर अंतर, आवाजाला ते कापायला तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे चूक नगण्य. मग सगळ्या फाईलभर असे आवाज शोधले, लेबल लावली आणि फरक वहीत मांडला. दहाव्या मिनिटाला १८ मिलिसेकंद, विसाव्याला ३६, तिसाव्याला ५४. अगदी शिस्तीत. चाळिसाव्याच्या अलीकडे ७२, आणि पलीकडच्याच हॉर्नला २१२! तिथून पुन्हा शिस्तीत दर दहा मिनिटांना १८. सरांच्या रेकॉर्डरनं तिथं १४० मिलिसेकंद लिहिलेच नव्हते. ते आकडे एकाखाली एक बघताना जो आनंद झाला तो तुम्हालाच कळेल.

दुरुस्ती मग सरळ होती. उडीच्या जागी ट्रॅक कापला, १४० मिलिसेकंदांची मोकळी जागा घातली, आणि नंतर अख्खा ट्रॅक उरलेल्या १२६ मिलिसेकंदांनी लांबवला. हे प्रमाण ०.००३ टक्के येतं. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टक्के भरत बसू नका, वेग बदलायच्या खिडकीत नवी लांबी थेट टाका, हिशेब ते स्वतः करतं. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी बारकाई मिळते याचं मला दर वेळी कौतुक वाटतं.

राहिली ती मोकळी जागा. नेमका ‘गंगाराम’मधला ‘गं’ तिथं गिळला गेला होता. तो माझ्या माइकमध्ये झिरपलेल्या आवाजातून घेतला, थोडी पातळी वाढवली, खालचा घुमारा ८० हर्ट्झपर्यंत कापला आणि चिकटवला. जोड कुठं आहे हे मला माहीत असूनही ऐकू येत नाही.

उडीचं कारण मेमरी कार्ड. सेकंडहँड घेतलेल्या रेकॉर्डरसोबत आलेलं, वर नामांकित छाप असलेलं, पण लिहिण्याचा वेग मध्येच कोसळणारं. घरी दोन्ही रेकॉर्डर टिकटिकणाऱ्या घड्याळाजवळ ठेवून खात्री केली: त्या कार्डावर उड्या वेगवेगळ्या ठिकाणी येतात, दुसरं कार्ड घातलं की एकही येत नाही, फक्त तो शिस्तीतला १८ चा फरक उरतो. कार्ड पावतीसह घ्यावं, आणि कामाला लावण्याआधी काठोकाठ भरून तपासावं, हे माझं आता ठाम मत आहे. २४ बिट मोनो रेकॉर्डिंग तासाला अर्धा जीबीच खातं, मोठ्या कार्डाची गरजही नसते. आणि एका बटणात गोंगाट काढून देणारी मोबाईल ॲप मुलाखतीला अजिबात वापरू नका. ती रस्त्याबरोबर माणसाचा श्वासही पुसतात. सरांची ती शांतता त्यातून काढली असती तर नुसतं भोक उरलं असतं.

वायरलेस संच घ्यायचा विचार होता, तो आता रद्द. दोन्ही माइक एकाच रिसीव्हरला गेले की ड्रिफ्टचा प्रश्नच येत नाही हे खरं. पण घड्याळातला फरक शिस्तीत असेल तर तो काढणं चहा होईपर्यंतचं काम आहे. ते पैसे प्रवासाला.

जंगलावर लिहिणाऱ्या ताईंची मुलाखत कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरला ठरली होती, गव्यांच्या वाटा आणि १९५८ पासूनचं अभयारण्य हा विषय. पण हे लिहितानाच वाटतंय, ती राधानगरी धरणावर का करू नये, आणि सरांनाही तिथंच का नेऊ नये? धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं, पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचं दशक उजाडलं, गावाला नाव राजकन्या राधाबाईंचं. सरांचा विषय तो. भोवतीचं जंगल २०१२ पासून जागतिक वारशात, तो ताईंचा. आणि पाण्याखाली कुणाच्या जमिनी गेल्या, हा प्रश्न दोघांनाही विचारता येतो. एकमेकांसमोर बसल्यावर ते एकमेकांना काय विचारतील याची मला जास्त उत्सुकता आहे. मी बहुतेक गप्पच बसेन. ताईंना फोन केला, त्या तयार आहेत. सरांना उद्या भेटतो.

म्हणजे तीन माणसं, तीन रेकॉर्डर, आणि टाळी दर दहा मिनिटांनी. वाऱ्यासाठी महाद्वार रोडवरून कृत्रिम फर आणून माइकची टोपरी शिवून घेतलीत, रंकाळा तलावावर ती छान चालली. पाण्याचं मात्र अवघड दिसतंय. धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात, एक उघडला की १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी, आणि तो आवाज माणसाच्या बोलण्याच्या पट्टीतच पसरतो, त्यामुळे फिल्टरनं काढता येणार नाही. दरवाजे बंद असताना जावं तर पावसाळ्यातलं धरण निसटतं. तुमच्यापैकी कुणी सांडव्याच्या जवळ बोलणं रेकॉर्ड केलंय का? किती लांब बसलात, आणि माइक छातीवर लावलात की गालाजवळ? आठवड्याभरात कळवा, पाऊस वाढायच्या आत जागा बघून यायचीय.