हातचा न घेणारी संख्या

गुणाकाराला कंटाळलेल्या पुतणीची समजूत काढावी म्हणून मी तिच्या चौकटीच्या वहीत १११११११११ ला त्याच संख्येने गुणायला घेतले. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली, आणि पाहावे तिकडे नुसते एक. उजवीकडच्या पहिल्या उभ्या रांगेत एकच एक, पुढच्या रांगेत दोन, त्यापुढच्या रांगेत तीन, असे चढत चढत मधल्या रांगेत नऊ एक जमतात आणि तिथून उतार लागतो. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. कोणत्याही टोकाकडून वाचले तरी तेच. विशेष म्हणजे या सबंध बेरजेत एकदाही हातचा घ्यावा लागत नाही, आणि संख्येचे सारे देखणेपण त्यावरच उभे आहे.

एवढी संख्या वाचायची कशी, हा तिचा रास्त प्रश्न होता. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली स्थानांची नावे इथे उपयोगी पडली: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद आणि मग आपल्या ओळखीचे कोटी. गंमत अशी की ‘मध्य’ नावाचे स्थान अगदी डाव्या टोकाला येते आणि खरा मधला नऊ अर्बुदाच्या घरात बसतो. संगणकाच्या स्प्रेडशीटला मात्र ही संख्या पेलत नाही. पंधरा अंक सांभाळून शेवटच्या २१ च्या जागी ते दोन शून्ये ठेवून मोकळे होते.

देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता संख्यांशी खेळत राहिलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेमलो’ कुळात बसवले. जीआयपी रेल्वेवरच्या तेव्हाच्या डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून हे नाव. डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहायलाच जागा मिळत नसलेल्या आजच्या प्रवाशाला याचा हेवाच वाटेल.

अवयव पाडले तर ही संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार निघते. तिचे विभाजक ४५, आणि १ ते ९ यांची बेरीजही ४५. पण हा निव्वळ योगायोग समजावा. अंकांची बेरीज ८१ येते, तो मात्र योगायोग नव्हे. नऊ ओळींत आपण ८१ एक मांडले होते आणि हातचा नसल्यामुळे त्यांतला एकही गहाळ झाला नाही.

पुतणीने लगेच दहा एकांचा वर्ग करून पाहिला. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्ये उगवली. मांडलेले एक शंभर, अंकांची बेरीज ८२. उरलेले अठरा कुठे गेले, हे तिने बोटाने रांगा मोजत शोधले: मधल्या रांगेत दहा एकांचा एक हातचा झाला, तो शेजारच्या नवावर गेल्याने तिथेही दहा भरले, आणि दोन्ही वेळा नऊ-नऊ एक कमी झाले.